अनेक शाखांच्या डेटाबेसना एकाच वेळी विचारणा : पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नागपूरच्या गांधीबागेत मुख्य गोदाम आणि कामठी, काटोल, उमरेड, सावनेर व बुटीबोरी येथे शाखा असलेला एखादा घाऊक औषध विक्रेता डोळ्यासमोर आणा. एखाद्या औषधाची विशिष्ट बॅच दर्जाला उतरली नसल्याने तिची विक्री तत्काळ थांबवावी, अशी सूचना त्याच्याकडे येते. त्या क्षणी त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : या बॅचच्या किती स्ट्रिप कोणत्या शाखेत शिल्लक आहेत आणि किती विकल्या गेल्या? प्रत्येक शाखेचा डेटाबेस त्या शाखेतल्याच संगणकावर असतो. फोन करून प्रत्येक ठिकाणचा आकडा विचारणे, तो वहीत उतरवणे आणि मग बेरीज करणे यात अर्धा दिवस सहज जातो, आणि तोवर काउंटरवरून त्याच बॅचच्या स्ट्रिप विकल्या जात राहतात.

हे काम एका क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) काही सेकंदांत होऊ शकते, आणि त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीबरोबर मिळणारे आणि दुसऱ्या सर्व्हरवरची टेबले इथूनच विचारू देणारे ‘पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू’ हे एक्स्टेंशन (जोड-सुविधा), थोडी शिस्तबद्ध मांडणी आणि शेवटी एक छोटा प्रोग्रॅम एवढ्यावर ही व्यवस्था उभी राहते. मात्र जोडणी जमली म्हणजे काम झाले, असे समजणे धोक्याचे आहे. अनेक ठिकाणांहून गोळा केलेल्या उत्तराबरोबर ‘कोणी उत्तर दिले, कोणी दिले नाही आणि माहिती किती वाजेपर्यंतची आहे’ हे कळत नसेल, तर ते उत्तर वापरण्याजोगे नसते. पुढील प्रत्येक पायरी या कसोटीवर तपासून लिहिली आहे. आज्ञांची आणि सेटिंग्जची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

प्रत्येक शाखेत एकसारखा व्ह्यू

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते. सगळ्या शाखांमध्ये एकच बिलिंग सॉफ्टवेअर असले तरी त्याच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. काटोलच्या टेबलात बॅच क्रमांकाचा रकाना वीस अक्षरांचा, तर उमरेडला तो मोकळ्या मजकुराचा असतो. एका ठिकाणी साठा स्ट्रिपमध्ये मोजला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी डब्यांमध्ये. मूळ टेबलांवर थेट क्वेरी लिहिली, तर हे सारे फरक मुख्य कार्यालयातल्या क्वेरीत येऊन साठतात आणि कोणत्याही शाखेत सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की ती क्वेरी मोडते.

त्यापेक्षा प्रत्येक शाखेच्या डेटाबेसमध्ये ‘मुख्यालय’ या अर्थाची एक स्वतंत्र स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) तयार करावी आणि तिच्यात ‘साठा’ नावाचा एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वाचता येणारी जतन केलेली क्वेरी, ठेवावा. त्यात शाखेचा कोड, औषधाचा कोड, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, स्ट्रिपमधील शिल्लक आणि शेवटच्या नोंदीची वेळ एवढे रकाने पुरेत. रकान्यांची नावे, त्यांचा क्रम आणि त्यांचे प्रकार सर्व शाखांमध्ये तंतोतंत सारखे असावेत, म्हणून व्ह्यूमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार स्पष्टपणे कास्ट करून (ठरावीक प्रकारात बदलून) लिहावा. डब्यांचे स्ट्रिपमध्ये रूपांतर त्या शाखेच्या व्ह्यूमध्येच करावे, कारण एका डब्यात किती स्ट्रिप येतात हे त्याच शाखेच्या टेबलात नोंदलेले असते.

बॅच क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. हाताने टंकलेल्या नोंदींमध्ये कुठे लहान लिपीतली अक्षरे, कुठे पुढेमागे रिकामी जागा, तर कुठे मध्येच आडवी रेघ असते. व्ह्यूमध्ये हा क्रमांक मोठ्या लिपीत आणून त्यातल्या रिकाम्या जागा आणि रेघा काढून टाकाव्यात. असे केले की शाखेतली साधी इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) या रकान्यासाठी वापरली जात नाही; म्हणून मूळ टेबलावर नेमक्या त्याच सूत्राची एक्स्प्रेशन इंडेक्स तयार करावी. सूत्रात एका फंक्शनचा जरी फरक पडला, तरी पोस्टग्रेस ती इंडेक्स उचलणार नाही आणि संपूर्ण टेबल वाचले जाईल.

याच स्कीमात ‘हजेरी’ नावाचा दुसरा, एकाच ओळीचा व्ह्यू ठेवावा. त्यात शाखेचा कोड, त्या संगणकाच्या घड्याळातली आत्ताची वेळ आणि शेवटच्या बिलाची वेळ एवढेच असावे. एखाद्या शाखेतून शून्य ओळी आल्या, तर तिथे ती बॅच खरोखरच नाही की सकाळपासून कोणी नोंदीच केलेल्या नाहीत, हे या ओळीवरून कळते. दुकान सकाळी नऊला उघडले असूनही दुपारी एक वाजता शेवटचे बिल कालच्या संध्याकाळचे दिसत असेल, तर त्या शाखेचा साठा गृहीत न धरता तिथे फोन करावा. घड्याळातला फरकही याच ओळीतून दिसतो. सर्व संगणकांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेली असावीत.

वाचनापुरता वापरकर्ता

प्रत्येक शाखेत या कामासाठी एक वेगळा वापरकर्ता तयार करावा आणि त्याला फक्त वरील दोन व्ह्यूंवर ‘सिलेक्ट’चा अधिकार द्यावा. मूळ टेबलांवर त्याला कोणताही अधिकार नको. त्याच्यासाठी ‘डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली’ चालू ठेवावे, पण त्यावर विसंबू नये, कारण ते सेटिंग वापरकर्ता स्वतः बदलू शकतो. खरे संरक्षण अधिकारांच्या मर्यादेतच असते. ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ (एका क्वेरीला मिळणारा कमाल वेळ) दहा सेकंदांच्या आसपास ठेवावा आणि कनेक्शनची मर्यादा चार-पाचवर बांधून टाकावी, म्हणजे मुख्य कार्यालयातल्या एखाद्या जड क्वेरीमुळे शाखेतल्या काउंटरवरचे बिलिंग अडणार नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला थांबावे लागू नये, ही मर्यादा कोणत्याही अहवालापेक्षा महत्त्वाची आहे.

शाखेपर्यंतचा रस्ता

पोस्टग्रेसचे ५४३२ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. पासवर्ड कितीही कठीण असला, तरी उघड्या पोर्टवर सतत चाचपणी होत राहते आणि एक दिवस एखादी जुनी आवृत्ती घात करते. मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यामध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कूटबद्ध जोडणी) असावे. त्यासाठी वायरगार्ड हा सुटसुटीत पर्याय आहे. २०२० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच समाविष्ट आहे.

तालुक्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या ब्रॉडबँड जोडणीला बहुधा स्थिर आयपी पत्ता नसतो, आणि अनेकदा एकच पत्ता कित्येक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो; त्यामुळे बाहेरून शाखेपर्यंत पोहोचता येत नाही. यावर उपाय असा की, स्थिर पत्ता फक्त गांधीबागेच्या कार्यालयासाठी घ्यावा आणि प्रत्येक शाखेच्या बाजूने वायरगार्डची जोडणी सुरू व्हावी. शाखेच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांचा ठेवला की राउटरमधली वाट उघडी राहते आणि त्यानंतर मुख्य कार्यालयातून शाखेच्या डेटाबेसपर्यंत केव्हाही जाता येते.

शाखेच्या पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ या सेटिंगमध्ये फक्त स्थानिक पत्ता आणि व्हीपीएनचा पत्ता असावा. हे सेटिंग बदलल्यावर डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणून ते काम रात्री दुकान बंद झाल्यावर करावे. कोणाला कुठून जोडता येईल हे ठरवणाऱ्या ‘पीजी_एचबीए’ फाइलमध्ये मुख्य सर्व्हरच्या व्हीपीएन पत्त्यासाठी, फक्त या वापरकर्त्यासाठी, ‘स्क्रॅम-शा-२५६’ पद्धतीची एक ओळ जोडावी. त्यासाठी नुसते रीलोड पुरते.

मुख्य सर्व्हरवरची मांडणी

मुख्य सर्व्हरवर पोस्टग्रेसची १४ किंवा त्यापुढची आवृत्ती असावी, कारण अनेक सर्व्हरकडून एकाच वेळी ओळी मागवण्याची सोय २०२१ साली आलेल्या १४व्या आवृत्तीपासून मिळते. शाखांमध्ये जुन्या आवृत्त्या असल्या तरी चालते, पण स्क्रॅम पद्धतीसाठी तिथे किमान १०वी आवृत्ती लागते.

प्रथम ‘क्रिएट एक्स्टेंशन’ने पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू चालू करावे. त्यानंतर प्रत्येक शाखेसाठी ‘क्रिएट सर्व्हर’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्या पर्यायांत शाखेचा व्हीपीएन पत्ता, पोर्ट व डेटाबेसचे नाव लिहावे. याच ठिकाणी आणखी काही पर्याय न विसरता द्यावेत. ‘कनेक्ट_टाइमआउट’ तीन ते पाच सेकंद ठेवावा. दोनपेक्षा कमी ठेवू नये. ‘कीपअलाइव्ह्ज_आयडल’ दहा सेकंद, ‘कीपअलाइव्ह्ज_इंटरव्हल’ पाच आणि ‘कीपअलाइव्ह्ज_काउंट’ तीन असावे. हे शेवटचे तीन पर्याय अनेक जण वगळतात आणि पुढे त्याचा फटका बसतो : क्वेरी शाखेकडे गेल्यानंतर मध्येच वीज गेली किंवा केबल तुटली, तर मुख्य सर्व्हरला तसे कळवणारे कोणीच उरत नाही. शाखेकडून उत्तर येईल म्हणून तो वाट पाहत राहतो, आणि लिनक्सचे मूळ सेटिंग तसेच असेल तर पहिली चाचपणी दोन तासांनंतर होते. वरील आकडे दिले की साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत जोडणी तुटल्याचे लक्षात येते.

‘क्रिएट यूजर मॅपिंग’ने मुख्य सर्व्हरवरचा वापरकर्ता आणि शाखेतला वापरकर्ता यांची सांगड घालावी. इथे पासवर्ड साठवला जातो, म्हणून प्रत्येक शाखेचा पासवर्ड वेगळा ठेवावा आणि मुख्य सर्व्हरच्या बॅकअप फाइलीही तितक्याच जपून ठेवाव्यात.

आता प्रत्येक शाखेसाठी मुख्य सर्व्हरवर त्या शाखेच्या कोडाची स्कीमा तयार करून ‘इम्पोर्ट फॉरेन स्कीमा’ ही आज्ञा द्यावी. ‘लिमिट टू’ लिहून फक्त ‘साठा’ आणि ‘हजेरी’ हे दोन व्ह्यू आणावेत. ते इकडे फॉरेन टेबल म्हणून दिसू लागतात. या टेबलांमध्ये डेटा नसतो. त्यांना विचारले की दर वेळी शाखेलाच विचारले जाते.

ही टेबले एकत्र आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सर्वांना ‘यूनियन ऑल’ने जोडणारा व्ह्यू. येथे नुसते ‘यूनियन’ लिहू नये. त्यात सारख्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकण्यासाठी सगळा डेटा वर्गवारी करून तपासला जातो, आणि खऱ्या दोन ओळींपैकी एक गाळली जाण्याचा धोकाही असतो. दुसरा मार्ग म्हणजे शाखेच्या कोडानुसार भाग पाडलेले, म्हणजे ‘पार्टिशन बाय लिस्ट’ केलेले एक मुख्य टेबल तयार करून प्रत्येक फॉरेन टेबल त्याला ‘अटॅच पार्टिशन’ने जोडणे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. रकान्यांचे प्रकार एखाद्या शाखेत वेगळे असतील, तर जोडतानाच चूक लक्षात येते, आणि फक्त कामठीचा साठा विचारला तर बाकीच्या शाखांशी संपर्कच केला जात नाही. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. कामठीच्या पार्टिशनमध्ये खरोखर कामठीचाच कोड येतो की नाही, हे पोस्टग्रेस तपासत नाही. काटोलचा व्ह्यू उमरेडला जसाच्या तसा चिकटवताना कोड बदलायचा राहिला, तर उमरेडचा साठा विचारल्यावर शून्य ओळी येतील आणि कोणतीही चूक दाखवली जाणार नाही. नवीन शाखा जोडल्यावर तिच्या फॉरेन टेबलातले वेगवेगळे कोड ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट’ने एकदा पाहून घ्यावेत.

क्वेरी खरोखर एकाच वेळी जाते का

एवढे झाल्यावर क्वेरी चालते, पण ती अजून एकाच वेळी सर्वत्र जात नाही. पोस्टग्रेस पहिल्या शाखेच्या सर्व ओळी घेतो, मग दुसरीकडे वळतो. पाच शाखांना प्रत्येकी दोन सेकंद लागत असतील, तर उत्तरासाठी दहा सेकंद लागतात. यासाठी ‘अल्टर सर्व्हर’ने प्रत्येक सर्व्हरवर ‘असिंक_केपेबल’ हा पर्याय ‘ट्रू’ करावा. मुळात तो बंद असतो. ‘एनेबल_असिंक_अपेंड’ हे सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळे त्याला हात लावण्याची गरज नाही.

त्यानंतर ‘एक्स्प्लेन व्हर्बोस’ लावून क्वेरीचा आराखडा पाहावा. ‘अपेंड’खाली प्रत्येक शाखेसमोर ‘असिंक फॉरेन स्कॅन’ असे दिसले, तर विचारणा एकाच वेळी जाते. नुसते ‘फॉरेन स्कॅन’ दिसले, तर जात नाही. आता एकूण वेळ सर्वांत संथ शाखेएवढा लागतो.

याच आराखड्यात ‘रिमोट एसक्यूएल’ ही ओळ असते, आणि ती वाचण्याची सवय लावून घेण्यासारखी आहे. आपण लिहिलेली अट त्या ओळीत दिसली, तर गाळणी शाखेतच होते आणि मोजक्या ओळी तारेवरून येतात. ती अट तिथे नसून खाली ‘फिल्टर’ म्हणून दिसली, तर शाखेचे संपूर्ण टेबल नागपूरला येऊन मग इथे गाळले जाते. पोस्टग्रेस फक्त अशाच अटी पाठवतो ज्यांचे उत्तर दोन्हीकडे निश्चितपणे सारखेच येईल. म्हणून ‘विक्रीची वेळ तारखेत बदलून ती १ एप्रिलशी जुळते का’ अशी अट लिहिली आणि तो रकाना टाइमझोनसह वेळेचा असेल, तर ती पाठवली जात नाही, कारण तारीख कोणती हे टाइमझोनवर अवलंबून असते. तीच अट ‘१ एप्रिल ००:०० अधिक ०५:३० पासून २ एप्रिल ००:०० अधिक ०५:३० च्या आधीपर्यंत’ अशा दोन सीमांमध्ये लिहिली की ती शाखेकडे जाते आणि तिथली इंडेक्सही वापरली जाते.

मुख्य सर्व्हरवरच्या औषधांच्या टेबलाशी शाखांच्या साठ्याचा जॉईन लावतानाही हीच काळजी घ्यावी. दोन टेबले दोन वेगळ्या सर्व्हरवर असल्याने तो जॉईन शाखेत होऊ शकत नाही. आधी हव्या असलेल्या औषधांचे कोड मुख्य सर्व्हरवरून काढून घ्यावेत आणि ते ‘इक्वल्स एनी’ने यादीच्या रूपात शाखांकडे पाठवावेत.

बेरजेचेही तसेच आहे. ‘एनेबल_पार्टिशनवाइज_अ‍ॅग्रिगेट’ चालू करून ‘ग्रुप बाय’मध्ये शाखेचा कोड ठेवला, तर बेरीज शाखेतच होते आणि प्रत्येकीकडून काही ओळीच येतात. शाखेचा कोड न ठेवता थेट एकूण बेरीज मागितली, तर सगळ्या सुट्या ओळी मुख्यालयात येतात. म्हणून आतल्या क्वेरीत शाखावार बेरीज आणि बाहेरच्या क्वेरीत त्या बेरजांची बेरीज, अशी दोन टप्प्यांची रचना करावी.

मोठ्या यादीची खरोखर गरज असेल, तर ‘फेच_साइज’ वाढवावा. मुळात तो १०० ओळींचा असतो. शाखेपर्यंत जाऊन परत यायला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर ५०,००० ओळींसाठी ५०० फेऱ्या होतात आणि निव्वळ जाण्यायेण्यात २० सेकंद खर्च होतात. ५,००० केल्यास फेऱ्या दहावर येतात.

रात्रीची विक्री आणि टाइमझोन

पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू शाखेशी जोडणी करताना तिथल्या सत्राचा टाइमझोन जीएमटी करतो. शाखेच्या व्ह्यूमध्ये विक्रीच्या वेळेवरून तारीख काढली असेल आणि तिथे टाइमझोन स्पष्ट लिहिलेला नसेल, तर शाखेतल्या संगणकावर बरोबर दिसणारा व्ह्यू मुख्यालयातून पाहताना वेगळी तारीख देतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक विक्री आदल्या दिवसात मोजली जाते. दिवसा चालणाऱ्या दुकानात हा दोष कधीच उघड होत नाही. रुग्णालयाजवळ चोवीस तास चालणाऱ्या शाखेत मात्र रोजची बेरीज जुळेनाशी होते आणि कारण सापडत नाही. व्ह्यूमध्ये ‘ॲट टाइम झोन’ आणि ‘आशिया/कोलकाता’ स्पष्टपणे लिहिणे, हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

एक शाखा बंद असेल तेव्हा

मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, विजेची मागणी वाढलेली असते आणि वळवाच्या एका वादळात तारांवर फांदी पडायला वेळ लागत नाही. पाचपैकी एखादी शाखा संपर्कात नसणे ही अशा काळात नेहमीची गोष्ट आहे, आणि आतापर्यंत उभारलेली व्यवस्था नेमकी इथे अपुरी पडते. फॉरेन टेबलांवरची क्वेरी एक तर सर्व शाखांचे उत्तर देते किंवा एका शाखेसाठी पूर्णच अपयशी ठरते. बंद शाखा वगळून उरलेल्यांचे उत्तर द्यावे, असा पर्याय पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यूमध्ये नाही. हिशेबाच्या अहवालासाठी हे वर्तन योग्यच आहे, कारण अपुरी बेरीज पूर्ण बेरजेसारखी दिसणे कोणालाही परवडणारे नसते. पण बॅच थांबवण्याच्या कामात चार शाखांचे उत्तर तरी लगेच हवे असते.

‘डीबीलिंक’ या एक्स्टेंशनमधून प्रत्येक शाखेला स्वतंत्र नावाने जोडून, आधी सर्वांना ‘डीबीलिंक_सेंड_क्वेरी’ने प्रश्न पाठवता येतो आणि मग ‘डीबीलिंक_गेट_रिझल्ट’ने एकेकाचे उत्तर घेता येते. प्रत्येक शाखा स्वतंत्र ‘एक्सेप्शन’ खंडात हाताळली, तर एकीचे अपयश दुसरीला अडवत नाही. मात्र जोडणी करण्याची पायरी इथे एकामागून एकच होते, त्यामुळे बंद शाखेचा टाइमआउट सगळ्यांनाच भोगावा लागतो.

माझ्या मते या कामासाठी पायथॉनमधला एक छोटा प्रोग्रॅम सर्वांत योग्य आहे. ‘कॉन्करंट.फ्यूचर्स’मधला ‘थ्रेडपूलएक्झिक्युटर’ घ्यावा आणि प्रत्येक शाखेसाठी एक थ्रेड (समांतर चालणारे स्वतंत्र काम) द्यावा. प्रत्येक थ्रेडने ‘सायकॉपजी’ या पोस्टग्रेसच्या पायथॉन ड्रायव्हरद्वारे आपले स्वतंत्र कनेक्शन उघडावे, एकच कनेक्शन अनेक थ्रेडमध्ये वाटून वापरले, तर क्वेरी एकामागून एक जातात आणि सारा उद्देशच वाया जातो. कनेक्शनला वर दिलेलेच टाइमआउट आणि कीपअलाइव्हचे आकडे द्यावेत. थ्रेडने आधी ‘हजेरी’ आणि मग ‘साठा’ विचारावा. काहीही चुकले तर अपवाद वर न फेकता शाखेचा कोड, ‘अपयशी’ ही स्थिती आणि कारण असे परत द्यावे. बॅच क्रमांक क्वेरीच्या मजकुरात जोडू नये, तर पॅरामीटर म्हणून द्यावा.

निकाल दाखवताना सगळ्यात वर शाखांचा तक्ता असावा. त्यात प्रत्येक शाखेचे नाव, तिने उत्तर दिले की नाही, किती वेळ लागला, शेवटचे बिल केव्हाचे आणि किती ओळी आल्या, हे असावे. त्याखाली साठ्याच्या ओळी याव्यात. एकूण बेरीज दाखवायची असेल, तर तिच्याच ओळीत ‘५ पैकी ४ शाखा, सावनेर बाकी’ असे छापावे. हा मजकूर वेगळ्या कोपऱ्यात किंवा लॉग फाइलमध्ये ठेवू नये. आकडा कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवताना लोक शेजारची ओळ उचलतात, कोपरा उचलत नाहीत. अपयशी शाखेसाठी शून्य छापू नये आणि जागा रिकामीही ठेवू नये. ‘उत्तर नाही’ असेच लिहावे. प्रोग्रॅमने अशा शाखेला दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहावे आणि ती संपर्कात येताच तसे कळवावे.

वाटेतला साठा

पाच शाखांची उत्तरे एकाच वेळी आली, तरी ती एकाच क्षणाची नसतात. प्रत्येक शाखा आपापला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचे चित्र) आपल्याकडच्या क्वेरीच्या सुरुवातीला घेते आणि हे सारे स्नॅपशॉट एकत्र बांधणारा कोणताही धागा नसतो. सेकंद-दोन सेकंदांच्या या फरकाने साठ्यात सहसा काही बिघडत नाही. खरा घोळ टेम्पोतल्या मालाचा असतो : गांधीबागेतून उमरेडला निघालेले ४० डबे इकडे वजा झालेले असतात आणि तिकडे अजून जमा झालेले नसतात, त्यामुळे ते कोणाच्याच साठ्यात दिसत नाहीत. बॅच थांबवायची असेल, तर हेच डबे सर्वांत आधी अडवायला हवेत. म्हणून प्रत्येक शाखेच्या स्कीमात ‘पाठवला पण पोच नाही’ अशा चलनांचा तिसरा व्ह्यू ठेवावा आणि तोही त्याच विचारणीत घ्यावा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू शाखेत नेहमी ‘रिपीटेबल रीड’ किंवा त्याहून कडक पातळीचे ट्रान्झॅक्शन उघडते. मुख्य सर्व्हरवर ‘बिगिन’ देऊन तीच विंडो उघडी ठेवली आणि क्वेरी पुन्हापुन्हा चालवली, तर शाखेकडून दर वेळी पहिल्याच क्षणाचे उत्तर येत राहते. शिवाय तोवर शाखेतल्या ‘व्हॅक्यूम’लाही जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. ताजे उत्तर हवे असेल, तर आधी ‘कमिट’ करावे.

याच मार्गाने शाखांमध्ये लिहिण्याचा मोह टाळावा. मुख्य सर्व्हरवर ‘कमिट’ करताना शाखांमधली ट्रान्झॅक्शन्स कमिट केली जातात, पण पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू दोन टप्प्यांचे कमिट (आधी सर्वांची तयारी तपासून मग सर्वत्र पक्के करणे) करत नाही. मध्येच एक जोडणी तुटली, तर तीन शाखांत बॅच बंद झालेली आणि दोन शाखांत चालू, अशी स्थिती निर्माण होते. बॅच बंद करण्याचा आदेश प्रत्येक शाखेच्या नोंदवहीत स्वतंत्रपणे टाकावा, तिथल्या सॉफ्टवेअरने तो उचलावा आणि अंमल झाल्याची पोच परत द्यावी.

शाखांमध्ये वेगवेगळे डेटाबेस असतील तर

एखाद्या शाखेत मायएसक्यूएल, तर दुसरीत एसक्यूएल सर्व्हर असू शकतो. त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘मायएसक्यूएल_एफडीडब्ल्यू’ आणि ‘टीडीएस_एफडीडब्ल्यू’ ही एक्स्टेंशन्स आहेत. कोणत्या अटी पलीकडे पाठवल्या जातात, हे प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून आराखडा पुन्हा तपासावा. सगळीकडे एसक्यूएल सर्व्हरच असेल, तर मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये सर्व्हरचा गट करून एकच क्वेरी सर्वांवर चालवता येते आणि निकालात सर्व्हरच्या नावाचा रकाना आपोआप येतो. डेटा खूप मोठा आणि प्रकार अनेक असतील, तर अनेक प्रकारच्या डेटाबेसना एकत्र विचारणाऱ्या ट्रिनो या इंजिनाचा विचार करावा. पण पाच-सहा शाखांसाठी ते ओझेच ठरेल. वरील पायथॉनचा प्रोग्रॅम मात्र कोणत्याही डेटाबेससाठी फक्त जोडणीचे ड्रायव्हर बदलून चालतो.

वर्षभराच्या विक्रीचे विश्लेषण, जीएसटीचे ताळेबंद किंवा मागणीचा अंदाज अशा कामांसाठी दर वेळी शाखांना विचारू नये. त्यासाठी रात्री डेटा मुख्यालयात आणून ठेवावा. पोस्टग्रेसच्या १०व्या आवृत्तीपासून असलेले लॉजिकल रेप्लिकेशन (टेबलांतले बदल दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचवण्याची सोय) त्याला सोयीचे पडते. ‘आत्ता काय आहे’ हा प्रश्न शाखेला विचारावा आणि ‘आजवर काय झाले’ हा प्रश्न मुख्यालयातल्या प्रतीला.

चाचणी आणि देखभाल

व्यवस्था सुरू करण्यापूर्वी बिघाड मुद्दाम घडवून पाहावेत. एका शाखेच्या राउटरची केबल काढावी. दुसऱ्या शाखेत वापरकर्त्याचा पासवर्ड बदलावा. तिसऱ्या शाखेत ‘साठा’ व्ह्यूचा आधार असलेले टेबल दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लॉक करून ठेवावे. या तीन बिघाडांची कारणे तक्त्यात तीन वेगळ्या शब्दांत दिसली पाहिजेत, कारण पहिल्यासाठी ब्रॉडबँडवाल्याला, दुसऱ्यासाठी आपल्याच कार्यालयाला आणि तिसऱ्यासाठी शाखेच्या व्यवस्थापकाला फोन करावा लागतो. क्वेरी चालू असतानाच केबल काढण्याची चाचणी वेगळी घ्यावी. कीपअलाइव्हचे आकडे बरोबर बसले आहेत की नाही, हे तेव्हाच कळते.

शाखेतल्या बिलिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की व्ह्यू अजून त्याच रकान्यांसह चालतो की नाही, हे त्याच रात्री तपासावे. व्ह्यूमध्ये रकाना वाढवायचा असेल, तर आधी सर्व शाखांमध्ये तो शेवटी जोडावा आणि मगच मुख्यालयातली फॉरेन टेबले बदलावीत. उलट क्रमाने गेल्यास मधल्या काळात तो रकाना मागणारी प्रत्येक क्वेरी अपयशी ठरते. एखादी शाखा कायमची बंद झाली, तर तिचा शिल्लक साठा दुसऱ्या शाखेत वर्ग झाल्याची खात्री करून तिचे पार्टिशन ‘डिटॅच’ करावे, यूजर मॅपिंग आणि सर्व्हरची नोंद काढून टाकावी आणि वायरगार्डमधली तिची किल्लीही त्याच दिवशी रद्द करावी.